न उकळता चहा: अख्ख्या पानाच्या चहाची घरच्या घरी सुरुवात

माझा पहिला दार्जिलिंग चहा मी गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळला. आलं ठेचून घातलं, साखर घातली, अर्धं पाणी अर्धं दूध, आणि चांगल्या तीन उकळ्या काढल्या. मावशीने सहलीहून आणलेलं १०० ग्रॅमचं महागाचं पाकीट होतं ते. बाबांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "हे काय देऊन राहिली वं? पत्ती संपली का घरातली?" रंग फिका, चव धड दुधाची नाही की चहाची नाही, आणि घशात मागे राहणारा कडवटपणा. पाकीट मग मसाल्याच्या डब्याशेजारी वर्षभर पडून राहिलं. पुन्हा उघडलं तेव्हा त्याला काळ्या मसाल्याचा वास येत होता.

चहात दोष नव्हता. आपल्याकडे चहा शिजवतात आणि तो चहा भिजवायचा होता, एवढंच. हा फरक हाताला कळला की बाकी सगळं आठवड्याभरात जमतं.

आधी पत्ती ओळखा

आपण रोज वापरतो ती दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. इंग्रजीतल्या तीन क्रियांची ती आद्याक्षरं आहेत: पान चिरडायचं, फाडायचं, वळायचं. १९३०च्या दशकात आसामात ही यंत्रं आली. पानाचा असा भुगा करून गोळ्या वळल्या की रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, आणि दूध-साखर-आल्यासमोरही चहा दबत नाही. आपल्या गंजातल्या चहाला हीच पत्ती हवी. मी अजूनही सकाळचा पहिला चहा तिचाच करते आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

दुसरा प्रकार ऑर्थोडॉक्स. यात पान आधी सुकवून मऊ करतात, मग यंत्रात किंवा हाताने वळतात, हवेशी प्रक्रिया होऊ देतात आणि शेवटी भट्टीत वाळवतात. पान बऱ्यापैकी शाबूत राहतं, म्हणून त्याचा अर्क सावकाश उतरतो. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे एकाच झुडपाच्या पानांचे. फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याला हवेशी किती वेळ खेळू दिलं यावरून. काळ्यात ती प्रक्रिया पुरी होऊ देतात, हिरव्यात उष्णता देऊन लगेच थांबवतात, ऊलाँगमध्ये अर्ध्यावर सोडतात.

इथे एक घोळ होतो. नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा दुकानात 'खुली चहापत्ती द्या' म्हटलं की पोत्यातून किंवा मोठ्या डब्यातून जी मोजून मिळते, ती बहुतेक वेळा सीटीसीच असते. खुली म्हणजे अख्खी नव्हे. दुकानदाराला 'ऑर्थोडॉक्स, पान दिसणारी' असं सांगा आणि हातावर चिमूटभर घेऊन पाहा. वळलेल्या, काळपट, बारीक काड्यांसारखी लांबट पानं दिसली पाहिजेत. खसखशीसारखे किंवा मोहरीसारखे गोल दाणे दिसले तर ती आपली नेहमीचीच. शहरात नाही मिळाली तर मळेवाले आणि चहाचे व्यापारी ऑनलाइन विकतात. पाकिटावर तोडणीचा हंगाम आणि वर्ष छापलेलं असेल तेच घ्या.

पाकिटावर एफटीजीएफओपी, ओपी, बीओपी अशी अक्षरांची माळ असते. ती पाहून दबून जाऊ नका. ती पानाचा आकार आणि त्यातल्या कोवळ्या कळ्यांचं प्रमाण सांगते, चवीची हमी देत नाही. त्यात 'बी' आला म्हणजे पान तुटलेलं आहे, तो चहा लवकर उतरेल, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. दार्जिलिंग घेत असाल तर टी बोर्डाचं बोधचिन्ह शोधा, बाईचा चेहरा आणि हातात चहाचं पान. २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं देशातलं ते पहिलं उत्पादन, आणि त्या नावाखाली भलतीच पत्ती विकण्याचे प्रकारही होतात.

पहिली खरेदी कोणती? माझं मत विचाराल तर आसाम ऑर्थोडॉक्स किंवा दार्जिलिंगचा दुसरा बहर, म्हणजे मे-जूनमधली तोडणी. पहिल्या बहराचा, मार्च-एप्रिलचा चहा जास्त नावाजलेला आणि जास्त महाग. पण त्याचा रंग फिका आणि वास ओल्या सोल्यांसारखा हिरवट असतो. दुधाच्या चहावर वाढलेल्या जिभेला तो आधी पाणचटच वाटतो. दुसऱ्या बहरात काळ्या द्राक्षांची आठवण करून देणारा गोडसर वास असतो, अंग, म्हणजे चवीचा भरीवपणा, तोही जास्त असतो. ग्रीन टीने तर सुरुवात करूच नका. वजन कमी करायला म्हणून आणलेल्या ग्रीन टीनेच निम्म्या लोकांचं मन या चहावरून उडवलं आहे.

सुरुवातीला ५० किंवा १०० ग्रॅमच घ्या. कपाला अडीच ग्रॅम धरले तर १०० ग्रॅममध्ये ४० कप होतात. ३०० रुपयांचं पाकीट असलं तरी कप साडेसात रुपयांना पडतो, आणि तीच पत्ती दुसऱ्यांदाही चालते.

भांडी, आणि काय घेऊ नये

घरात जे आहे त्यात भागतं: पाणी उकळायला गंज किंवा विजेची किटली, चहा भिजवायला झाकण बसेल असं चिनी मातीचं किंवा काचेचं भांडं, गाळणी आणि मोबाइलमधलं घड्याळ. माझी पहिली सहा महिन्यांची किटली म्हणजे लोणच्याची रिकामी बरणी होती. दोनदा सोड्याने धुऊन, उन्हात ठेवून तिचा वास घालवावा लागला, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. काच बारीक असेल तर एकदम उकळतं पाणी ओतू नका, आधी कोमट पाण्याने विसळा.

साखळीला लटकणारा जाळीचा गोळा मिळतो तो घेऊ नका. दिसतो छान, पण कोरडी पत्ती भिजली की तीन-चार पट फुगते आणि त्या गोळ्यात ती कोंबली जाते. आतल्या पानांना पाणी लागत नाही, बाहेरची कडू होतात. घ्यायचीच तर कपाच्या तोंडावर बसणारी खोल, रुंद जाळी घ्या. नाहीतर पत्ती मोकळी सोडा आणि वेळ झाली की दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या.

एका गोष्टीवर मात्र पैसे घाला: दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. चमच्याने हा चहा मोजता येत नाही. सीटीसीचा एक चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो. दार्जिलिंगची लांबट पानं त्याच चमच्यात एक-दीड ग्रॅमच मावतात, आणि गोळ्या वळलेला ऊलाँग तीन ग्रॅमच्याही वर जातो. रोज वेगळा चहा होतो आणि कळत नाही का, त्याचं कारण बहुतेकदा हा चमचा असतो. महिनाभर काटा वापरला की मग चिमटीला अंदाज येतो.

पाणी

कपात ९९ टक्के पाणीच असतं, तरी लोक पत्तीवरच बोलतात. नागपूरला नळाचं पाणी पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून येतं. पण कितीतरी वस्त्यांत आणि फ्लॅट स्कीममध्ये बोअरवेलचं पाणी मिसळलेलं असतं आणि ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. जड पाण्यात चहाचा रंग गढूळ, काळपट होतो, वास दबतो आणि वर एक पातळ तेलकट तवंग येतो. कपाच्या कडेला तपकिरी रेघ उमटते ती त्याचीच. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून तो थर बनतो. तुम्ही घेतलेली पत्ती भेसळीची आहे असं त्यावरून समजू नका.

मग आरओचं वापरावं का? तेही दुसऱ्या टोकाला जातं. मशीनवर क्षारांचं प्रमाण फार कमी लावलेलं असेल तर पाण्यात काहीच उरत नाही आणि चहा उथळ, निर्जीव लागतो. आमच्याकडे दोन भाग आरओ आणि एक भाग नळाचं गाळलेलं पाणी असं प्रमाण बसलं. तुमच्या घरी वेगळं बसेल. दोन कपांत एकच पत्ती, एकच वेळ, फक्त पाणी वेगळं असं एकदा करून बघा. फरक शेजारच्या काकूंनाही कळतो.

पहिला कप

२०० मिलिलिटर पाणी मोजून घ्या. थोडं जास्तच उकळा, कारण भांडं गरम करायलाही लागेल. काळ्या चहासाठी पाणी खळखळ उकळलेलं हवं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे, त्यामुळे इथे पाणी ९९ अंशांना उकळतं. एका अंशाने काही बिघडत नाही. आसामला तसंच ओता, दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराला गॅस बंद करून अर्धं-एक मिनिट थांबून.

किटलीत, म्हणजे चहा भिजवायच्या भांड्यात, घोटभर उकळतं पाणी घालून फिरवा आणि फेकून द्या. थंड चिनी मातीत पाणी ओतलं की ते क्षणात दहा-बारा अंशांनी उतरतं, म्हणून ही खटपट. आता अडीच ग्रॅम पत्ती त्या गरम, ओलसर किटलीत टाका, अर्धा मिनिट झाकण ठेवा, मग उघडून नाक जवळ न्या. कोरड्या पाकिटात न आलेला वास इथे येतो. मला या चहाची गोडी लागली ती खरं तर या वासाने.

पत्तीवर पाणी ओता, झाकण लावा, घड्याळ सुरू करा. ढवळू नका, दाबू नका. तीन मिनिटांनी शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्या. 'राहू दे थोडं, नंतर घेईन' म्हणून पत्ती पाण्यात सोडली तर दुसरा कप काढा होतो.

दोन मिनिटं निवू द्या. जीभ भाजत असताना फक्त गरम कळतं, चव नाही. साखर पहिल्या दोन घोटांना नको, मग वाटली तर घाला. कोणी पाहत नाही.

एक संध्याकाळ, चार वाट्या

हा प्रयोग एकदाच करा, पण जरूर करा. किटलीत ५ ग्रॅम पत्ती आणि ४०० मिलिलिटर उकळतं पाणी घ्या. टेबलावर चार वाट्या मांडा. दोन मिनिटांनी पहिल्या वाटीत थोडा चहा गाळा, तीन मिनिटांनी दुसरीत, मग पाच आणि आठ मिनिटांनी. सगळ्या निवल्या की ओळीने चाखा.

मी केलं तेव्हा बाबांना बोलावलं होतं. पहिली वाटी: वास भरपूर, चव अजून पोचायची होती. दुसरीत गोडसरपणा आला आणि जिभेच्या कडांना किंचित तुरटपणा, कच्च्या पेरूचा असतो तसा. पाच मिनिटांच्या वाटीत रंग गडद झाला, तुरटपणा वाढून दातांवर पुटं चढल्यासारखं झालं, पण ती वाईट नव्हती. बाबांना तीच आवडली. आठ मिनिटांच्या वाटीत वास जवळजवळ गेला होता, हिरव्या सुपारीने ओढतं तशी जीभ ओढली जात होती, आणि मागून कडू. "हाच तू मला त्या दिवशी दिला होता," बाबा म्हणाले.

चारही वाट्यांत पत्ती एकच होती. वास आणि गोडवा आधी उतरतो, तुरट आणि कडू मागून येतं. म्हणून चहा कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. आपली सवय नेमकी उलटी आहे, फिका वाटला की 'अजून उकळू दे'. चहा कडू झाला तर पुढच्या वेळी अर्धा मिनिट आधी गाळा. फिका पण कडू असेल तर पत्ती कमी पडली आणि वेळ जास्त झाला. वासच नसेल तर पत्ती जुनी आहे, तिथे काही करता येत नाही.

पाच मिनिटांच्या वर चहा भिजवणारे लोक नाहीत असं नाही. चहा चाखून पारखणाऱ्यांसाठी आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे: १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पत्ती आणि पूर्ण ६ मिनिटं. म्हणजे आपल्यापेक्षा पत्तीही जास्त, वेळही दुप्पट. पण त्यांना दोन चहांची तुलना करायची असते, दोष उघडे पाडायचे असतात. आपल्याला प्यायचा आहे.

हिरवा, पांढरा आणि बाकीचे

ग्रीन टीला उकळतं पाणी चालत नाही. ७५ ते ८० अंश, दोन मिनिटं, फार तर अडीच. तापमापक नसला तर दोन भांडी बदला: उकळलेलं पाणी आधी एका थंड कपात ओता, त्यातून दुसऱ्या थंड कपात, आणि मग पत्तीवर. ते ८०च्या आसपास येतं. मे महिन्यात आपल्या ओट्यावरचे कपही 'थंड' नसतात, तेव्हा दुसऱ्या कपात आणखी मिनिटभर थांबा. उलट बाजूनेही जाता येतं. गंजाच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे चिकटून राहतात तेव्हा पाणी हिरव्यासाठी जेमतेम तयार, ज्वारीच्या दाण्याएवढे होऊन वर सुटू लागले की दार्जिलिंगच्या पहिल्या बहरासाठी. पाणी पिण्याजोगं नसेल तर मात्र आधी उकळूनच घ्या.

पहिला बहर ८५ ते ९० अंश, तीन मिनिटं. पांढरा ८० ते ८५, पण चार-पाच मिनिटं. ऊलाँग ९० ते ९५, आणि तो पुन्हा पुन्हा भिजवायचा असतो.

दुसऱ्या भिजवणीची सोय अख्ख्या पानाच्या बहुतेक चहांना आहे. पहिल्या वेळी पूर्ण निथळून घ्या, पत्ती झाकून ठेवा, तासाभरात पुन्हा पाणी घाला आणि मिनिटभर जास्त थांबा. सकाळची ओली पत्ती संध्याकाळी वापरायची काटकसर करू नका, आपल्या हवेत ती आंबते.

दूध, लिंबू आणि संत्र्याची साल

आसाम ऑर्थोडॉक्स दूध पेलतो. पत्ती तीन ग्रॅम करा, चार मिनिटं भिजवा, गाळल्यावर दोन चमचे गरम दूध घाला. दूध पत्तीसोबत उकळू नका. दार्जिलिंगमध्ये दूध घालणं म्हणजे वासाचे पैसे देऊन वास झाकणं. लिंबाने रंग एकदम उजळतो, घाबरू नका, आंबटाने तसं होतंच.

आपल्याकडे संत्री असताना बाहेरचा सुगंधी चहा का घ्यावा हे मला समजत नाही. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात असतात. साल कोमट पाण्यात चोळून धुवा, फवारणीचा अंश असतो. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाका, कडूपणा त्यातच. उरलेली पातळ साल सावलीत आठवडाभर वाळवा. कडक झाली की नखाएवढा तुकडा आसामच्या पत्तीबरोबर किटलीत. एकापेक्षा जास्त टाकलात तर चहा हरवतो.

उन्हाळा

पारा ४५ला टेकलेला असताना गरम चहाचं वर्णन कोण वाचेल? फ्रिजमध्ये चहा करा. एक लिटर पिण्याच्या गार पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी गाळून घ्या. हिरवा सहा तासांत, काळा आठ-दहा तासांत होतो. थंड पाण्यात तुरट आणि कडू द्रव्यं फार कमी उतरतात, म्हणून हा चहा साखरेशिवायही गोड लागतो आणि चुकवणं कठीण असतं. ज्यांना गरम काळा चहा रुचत नाही त्यांना आधी हा द्या. दोन दिवसांत संपवा.

बरणी गच्चीवर उन्हात ठेवून चहा करण्याची शक्कल नागपुरात सुचणं साहजिक आहे. करू नका. उन्हातलं पाणी जंतू मरतील इतकं तापत नाही, ते वाढतील इतकं कोमट मात्र होतं.

साठवण, आणि कधी प्यावा

कोरडी पत्ती स्पंजासारखी असते, ओल आणि वास दोन्ही ओढते. आपण समजतो की धोका पावसाळ्यात. पण आपल्याकडे एप्रिलपासूनच कूलर सुरू होतो, खोलीची हवा दमट होते, आणि वाळ्याच्या ताट्या असतील तर तो वासही पत्तीत उतरतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कूलरच्या झोतापासून, गॅसपासून आणि मसाल्यांपासून दूरच्या कपाटात ठेवा. काचेची बरणी शोभेला छान, पण उजेडाने पत्ती मरते. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर डब्यात पाणी सुटतं. काळा चहा वर्षभर तग धरतो, हिरवा सहा महिन्यांत संपवलेला बरा.

जेवणावर लगेच हा चहा नको, तो अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. तासभर जाऊ द्या. घरात कोणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर हे काटेकोर पाळा. आणि ग्रीन टीतही कॅफिन असतं, रात्री दहाला तो पिऊन मग झोप येत नाही म्हणू नका.

चोथा कुंडीत टाकता येतो. आपल्या नेहमीच्या चोथ्यात साखर-दूध असल्याने मुंग्या लागतात, तो आधी धुवावा लागतो. हा तसाच टाका, मातीत थोडा मिसळून. त्याआधी एक पान बशीत उलगडून बघा: देठ, कळी, कडेची करवतीसारखी दातेरी नक्षी, सगळं शाबूत असतं. बाबा आता प्रत्येक नव्या पाकिटाचं एक पान असं उलगडून बघतात, आणि मग सकाळच्या उकळलेल्या चहाला हाक मारतात.